देवाने भिंत बदलली

माझी मोठी लेक पायाळू. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. आमच्याकडे अशा माणसाचा पाय दुखऱ्या कमरेला लावला की उसण जाते म्हणतात, त्यामुळे ती अजून मान धरायलाही शिकली नव्हती तेव्हापासून आमच्या दारात कमरा धरून माणसं यायला लागली. आणि साऱ्या गल्लीच्या अवघडलेल्या पाठी मोकळ्या करणाऱ्या त्या पोरीची स्वतःची मान वाकडी होती. हे मला, तिच्या आईला, एका परक्या बाईने माझ्याच घरात बसून सांगितलं. त्या वेळी पायाखालून जमीन सरकली ती सरकलीच. आज नातवंडं खेळवताना देखील तो दिवस आठवला की मी त्यांच्या माना चाचपून बघते. मी काही मुळातली भाविक बाई नव्हे. देवाला हात जोडायचे ते सासूच्या धाकाने, आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचं, असा माझा स्वभाव. म्हणून जे घडलं ते चमत्कार होता असं मी म्हणत नाही. घडलं तसं सांगते, एवढंच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. हे सोलापूरला गिरणीत होते आणि आम्ही चाळीतल्या एका खोलीत राहायचो, मी, हे आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी कुर्डुवाडीला गेले होते. तिथे सुईणीची फार धांदल उडाली, मी दीड दिवस अडले, आणि शेवटी पोर आली ती पायाकडून. मुलगी झाली म्हटल्यावर आत्याबाई बाराव्याला आल्याच नाहीत. गुडघे दुखतात असा निरोप आला. पुढे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की सूनबाईची पोर पायाळू आहे, तर महिन्याभरात त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी एकट्या रेल्वेत बसून हजर. येताना कुंची आणि राळ्याची उशी घेऊन आल्या. आमचा कुलस्वामी खंडोबा, म्हणून नावही त्यांनीच ठेवलं, म्हाळसा. सव्वा महिन्याची पोर पदराखाली घेऊन मी सोलापूरला परतले तेव्हा अख्खी चाळ बघायला गोळा झाली होती. मुलीची आई म्हणून खाली घातलेली मान मी त्या दिवशी वर केली, हे मी लपवत नाही.

आमची खोली लांबट आणि अरुंद, एका टोकाला दार. पश्चिमेच्या भिंतीत देवळी होती आणि तिच्यात खंडोबाचे टाक. माझ्या सासऱ्यांनी मरायच्या आधी स्वतःच्या हाताने ते तिथे बसवले होते, पूर्वेकडे तोंड करून. समोरच्या भिंतीला मोरी आणि मोरीच्या वर रेशनच्या डब्यांची फळी. पोरीला निजवायची ती दक्षिणेकडे डोकं करून, कारण उत्तरेकडे डोकं करून फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. आणि आडवं अंथरूण घालावं एवढी काही ती खोली रुंद नव्हती. अशी निजवली की देवळी तिच्या डाव्या हाताला यायची. पोर सदान्कदा डावीकडेच बघायची. समई लावलेली असली काय नि नसली काय, नजर तिकडेच. आत्याबाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. जो येईल त्याला त्या सांगायच्या की बघा, पोटातनंच भक्ती घेऊन आलीय, देवावरनं डोळा काढत न्हाय. शेजारची एक थट्टेखोर बाई म्हणायची, पायाळूला पुरलेलं धन दिसतं म्हणे, त्या देवळीखाली खणून बघा, हंडा असेल. आम्ही सगळ्या हसायचो. मीही हसायची.

माणसं यायची ती बहुतेक सकाळची. कोणी गिरणीतला, कोणी हातमागावर बसून बसून कंबर धरलेला, कोणी पाण्याचे हंडे वाहून उसण भरलेली बाई. मी पोरीला काखेत धरून उचलायची, तिचं पाऊल त्यांच्या कमरेला तीनदा टेकवायची, आणि माणूस उठून म्हणायचा, हलकं वाटतंय बघा. कोणी नारळ ठेवायचं, कोणी अंगडं टोपडं. चाळीत मला आधी अमक्याची बायको म्हणून ओळखत, आता म्हाळसाची आई म्हणायला लागले. नळावर मला रांगेत पुढे घ्यायचे. आत्याबाई माझ्या हातचा चहा चांगला होतो म्हणायला लागल्या. एवढं सुख मला लग्न झाल्यापासून मिळालं नव्हतं, आणि त्या सुखाने माझे डोळे झाकले असं म्हटलं तर ते सोयीचं होईल. खरं तसं नाही. डोळे उघडे होते.

कारण मला माहीत होतं. हे लिहायला आज देखील लाज वाटते. पोरीला डाव्या अंगाला प्यायला घेतली की ती रडून आकांत करायची, उजव्या अंगाला घेतली की मुकाट प्यायची. तिची मान उजव्या खांद्याकडे कललेली असायची, हनुवटी मात्र डावीकडे. आणि एक दिवस न्हाऊ घालताना तिच्या मानेच्या उजव्या बाजूला, कातडीखाली, माझ्या बोटांना सुपारीएवढी गाठ लागली. न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीला दाखवली तर ती म्हणाली, दुधाची गाठ असंल, जिरंल. आत्याबाईंनी न विचारताच रोज तिथे भंडारा लावायला सुरुवात केली होती. पिवळ्या हळदीखाली गाठ दिसायची नाही, आणि मला ते बरंच वाटायचं. पोरीत काही खोट आहे असं बाहेर कळलं तर माणसं यायची बंद होतील, आत्याबाईंचं तोंड पुन्हा फिरेल, ह्या भीतीने मी ह्यांनाही काही बोलले नाही. आपल्या लेकराच्या मानेवरची गाठ आपल्या मोठेपणासाठी लपवणारी आई मी होते. देवाने मला त्या वेळी काय म्हटलं असेल!

पोर तीन महिन्यांना टेकली असेल. मागच्या गल्लीत नरसम्मा म्हणून विड्या वळणारी एक तेलुगू बाई राहायची, तिची आमची नळावरची ओळख. ती एका सकाळी आपल्या लेकीला जवळजवळ ओढतच घेऊन आली. लेक, सरोजा, पंचविशीची, शिकलेली, पांढरी साडी, कमरेत वाकलेली. दवाखान्यात काहीतरी काम करते एवढंच नरसम्मा सांगायची. एका मोठ्या मुलीला उचलताना तिच्या कमरेत भरलं होतं आणि तीन दिवस तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. सरोजा बिचारी ओशाळली होती. मला हळूच म्हणाली की वहिनी, मला हे काही पटत नाही, पण आईपुढे चालत नाही. मला तर रागच आला तिचा. पटत नाही तर येतेस कशाला, असं अगदी ओठावर आलं होतं. तरी मी पोरीला उचलून तिच्या कमरेला तीनदा पाऊल टेकवलं. तिने वळून, रीत म्हणून, पोरीला माझ्या हातातून घेतलं, आणि घेताना तिचा तळवा बाळाच्या मानेमागे गेला. तिथे तो थांबला. तिचा चेहरा बदललेला मी बघितला.

ही कायम ह्याच बाजूला बघते का, असं तिने विचारलं. आत्याबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या की व्हय, देवाकडं बघती. सरोजा खाली बसली, बसताना कण्हली, पोरीला मांडीवर घेतलं आणि दोन बोटांनी तिची हनुवटी हळूहळू उजवीकडे वळवायला लागली. मध्यावर आली आणि अडली. दार आतून कडी घातल्यासारखं अडलं ते. पोर किंचाळली. मग सरोजाने पदराने तो भंडारा पुसला, आणि गाठीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. ही कधीपासून आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, मला नाही ठाऊक. इतकं सरळ खोटं बोलले मी. तेव्हा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली:

"वहिनी, ही डाव्या अंगाला घेतली की रडते ना?"

मी हबकले. ही गोष्ट मी जगात कोणाला सांगितली नव्हती. आईला नाही, ह्यांना नाही. पदराआडची ती गोष्ट ह्या बाईला कोणी सांगितली? आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, नरसम्मा बघत होती, पोर रडत होती. मी फक्त मान हलवली. मग जे दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं, गाठ, दूध, कललेली मान, सगळं. मी रडत रडत बोलत होते आणि आत्याबाई दगडासारख्या बसल्या होत्या.

सरोजाने तेव्हा सांगितलं की ती दवाखान्यात व्यायामोपचाराचं काम करते, पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय चालते करायचं. मानेचा एक स्नायू आखडला की बाळाची मान अशी होते, तिने अशी बाळं आधीही बघितली होती, आणि ज्या अंगाला प्यायला मान वळत नाही त्या अंगाला ती रडतातच. बाळ पोटात उलटं, अवघडून बसलं की असं बऱ्याचदा होतं, ती म्हणाली.  म्हणजे ज्या बसण्यामुळे ती पायाळू झाली, ज्याच्यावर आम्ही एवढे फुगलो होतो, त्यातूनच ही वाकडी मान आलेली असावी. देवाकडे बघते म्हणून आम्ही जिचं कौतुक करत होतो ती बघत नव्हतीच. तिला दुसरीकडे मान वळवताच येत नव्हती. सरोजाने हेही सांगितलं की मान न धरणाऱ्या बाळाला असं काखेत उचलून लोकांच्या पाठीला लावणं आजपासून बंद, आणि उद्या सकाळीच मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. त्याबरोबर आत्याबाईंचा बांध फुटला. "पाय लावून घेतला, वर लेकरालाच नावं ठिवती! ऊठ हितनं," म्हणाल्या. सरोजा कमरेवर हात ठेवून उठली, उलट शब्द बोलली नाही, आणि जाताना मला दवाखान्याची वेळ सांगून गेली.

हे म्हणाले की जाऊन दाखव, आईकडे मी बघतो. दवाखान्यात डॉक्टरांनी मान फिरवून बघितली, फोटो काढला, हाडात दोष नाही म्हणाले. स्नायूच आखडलेला होता. रोज ताण द्यायचा, दिवसातून चार-पाच वेळा, आणि तसं करूनही वर्षभरात सुटला नाही तर तो कापून मोकळा करावा लागेल. काहीच केलं नाही तर मान तशीच राहील आणि पोर वाढेल तसा चेहराही एका बाजूला ओढला जाईल. मी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या डोक्याची मागची डावी बाजू चपटी झाली होती, ती मला त्या खोलीच्या उजेडात पहिल्यांदा दिसली. राळ्याच्या उशीवर डोकं गोल होतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कसलं निर्धास्त!

व्यायाम सांगायला सोपा होता. बाळाला उताणं निजवायचं, एकाने दोन्ही खांदे धरायचे, दुसऱ्याने डोकं हातात घेऊन डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा, दहा आकडे मोजेपर्यंत तिथे धरायचं, मग हनुवटी उजवीकडे वळवायची, पुन्हा दहा आकडे. हिसका द्यायचा नाही. पण ते दहा आकडे! पोर असा टाहो फोडायची की माझे हात तिसऱ्या आकड्यालाच गळायचे. हे खांदे धरायला बसायचे आणि मध्येच डोळे पुसत बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. आत्याबाई तर पाठ करून बसायच्या. लेकराला छळताय, म्हणायच्या, आणि दारात आलेल्या माणसांना सांगायच्या की आता पाय लावत न्हाईत आमी, शिकल्या-सवरल्या बायांनी बंद केलंय. शेवटी सरोजाच दवाखान्यातून परतताना आमच्याकडे यायला लागली. एवढं बोलून घेतल्यावरही यायची. खाली सतरंजीवर वाकून बसायची, एक हात कधी कधी कमरेवर जायचा, मला वाटायचं तिची बसायची तशी सवय असेल. ती माझ्या हातांवर आपले हात ठेवून आकडे मोजायची. वहिनी, तुमचा हात सैल झाला की तिला कळतं, असं म्हणायची.

तिने आणखी एक सांगितलं होतं. नुसत्या ताणाने भागत नाही, बाळाने आपणहून उजवीकडे बघायला हवं. तिला ज्याची ओढ आहे ते उजव्या बाजूला ठेवा. आम्ही खुळखुळा टांगला, रंगीत चिंध्या टांगल्या, मी स्वतः उजवीकडे बसून गाणी म्हटली. पोर क्षणभर डोळे वळवायची आणि पुन्हा त्या देवळीकडे. अंधाऱ्या खोलीत समईची ज्योत आणि टाकांची चमक, तिच्यासाठी तेच सगळं जग होतं. तीन आठवडे गेले, गाठ तशीच, मान तशीच. सरोजाने देवळीकडे बघितलं, मग मोरीवरच्या फळीकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मला कळलं. मी आत्याबाईंना भीत भीत विचारलं की देव थोडे दिवस समोर ठेवले तर? त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. सासऱ्यांनी बसवलेले देव, पूर्वेकडे तोंड असलेले, ते उचलून मोरीवर, पश्चिमेकडे तोंड करून ठेवायचे! आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आणि अंथरूण फिरवावं तर पोरीचं डोकं उत्तरेला, ते माझ्याही हातून होईना. देवही हलत नव्हते आणि पोरही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बाळ्याला गेलो, खंडोबाच्या दर्शनाला. आत्याबाईंचा नेम होता म्हणून, आमचा अबोला तसाच होता. पोरीला खांद्यावर टाकून मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. मागे कोण उभं आहे ह्याचं भानच राहिलं नाही. मी देवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, तुझ्याकडे बघून बघून माझ्या लेकराची मान वाकडी झाली अशी माणसं उद्या म्हणतील, चालेल तुला? मी गाठ लपवली, माझं चुकलं, शिक्षा द्यायची ती मला दे. माझ्या हातात बळ राहिलेलं नाही. आता ही पोर तुझी. मी फक्त हात लावीन, वळवायची ती तू वळव. एवढं बोलून मी तिथेच खाली बसले. आजूबाजूच्या बाया बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही मागताना भांडले नाही. भांडायलाच गेले होते, पण शेवटी हातच टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावरून पाण्याची कळशी घेऊन घरात आले आणि पहिली नजर गेली ती देवळीवर. देवळी रिकामी होती. नुसतं काळवंडलेलं भोक. कळशी हिंदकळून पायावर पाणी सांडलं. चोरी झाली, असंच मनात आलं, आत्याबाईंना काय सांगू! आणि मग समोर बघितलं. रेशनचे डबे खाली जमिनीवर ओळीने मांडलेले, फळी धुऊन पुसलेली, तिच्यावर लाल कापड, कापडावर टाक, शेजारी समई. मोरीला साडीचा आडपडदा बांधलेला. आणि खाली आत्याबाई बसल्या होत्या, हाताला भंडारा, डोळ्यांतून पाणी.  त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"काल तू त्याला बोललीस ते म्या ऐकलं. घोड्यावरचा देव हाय त्यो. आमीच त्याला भितीत बसवून ठिवला. लेकरासाठी चार पावलं सरकायला त्याला काय जड हाय व्हय?"

  त्यांनी पदराने डोळे पुसले, सतरंजी ओढली, पोरीला तिच्यावर निजवलं आणि आपल्या जाड, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या बोटांनी तिचे दोन्ही खांदे धरले. "बस," म्हणाल्या, "खांदं मी धरती. तू मोज." त्या सकाळी पहिल्यांदा मी दहापर्यंत मोजलं. पोर रडली, आत्याबाई रडल्या, मी रडले, पण आकडे पुरे झाले. संध्याकाळी सरोजा आली, फळीवरचे देव बघून दारातच थबकली, चप्पल काढून आधी फळीसमोर वाकली, मग सतरंजीवर बसली. आत्याबाईंनी तिला पाणी दिलं. त्यांची माफी मागायची पद्धत ती तेवढीच.

त्यानंतर आमचा दिवस आकड्यांवर चालायचा. न्हाऊ घातलं की दहा, प्यायला घेण्याआधी दहा, झोपेतून उठली की दहा. आत्याबाई त्या आकड्यांच्या मध्ये देवाचं नाव घ्यायच्या, त्यामुळे त्यांचे दहा जरा लांबायचे आणि सरोजा हसून म्हणायची की चालेल, लांबलेले बरे. गाठ कधी मऊ झाली, कधी लहान झाली, ते तारीख-वार सांगता येणार नाही. पण महिना-सव्वा महिन्याने एका सकाळी मी भाकरी थापत होते, समई नुकतीच लावलेली होती, आणि आत्याबाईंनी अगदी दबल्या आवाजात मला हाक मारली, जसं झाडावरचं पाखरू उडून जाईल म्हणून बोलावं तसं. मी वळले. म्हाळसाचं तोंड उजवीकडे होतं. पुरतं उजवीकडे, हनुवटी खांद्यापाशी गेलेली, कोणाचा हात नाही, खुळखुळा नाही. ती मोरीवरच्या देवाकडे बघत होती, आणि डोळे मिचकावत होती. मला आनंद झाला असं लोकांना वाटतं. नाही, मी घाबरले.  मी म्हटलं होतं वळवायची ती तू वळव, आणि कोणी तरी ते ऐकलं होतं. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. आत्याबाईंनी ती तशीच देवापुढे ठेवली.

त्यानंतरही कित्येक महिने आम्ही व्यायाम सोडला नाही. वर्षाची झाली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती, मान सरळ, डोक्याचा चपटेपणा केसांत झाकलेला. डॉक्टरांनी कापायची गरज नाही म्हणून सांगितलं. पुढे आलेल्या चंपाषष्ठीला वांग्याच्या भरताचा आणि रोडग्याचा नैवेद्य केला आणि नरसम्माला नि सरोजाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर सरोजाने पोरीची मान शेवटची तपासली, दोन्हीकडे वळवून बघितली आणि म्हणाली, झालं, आता माझं काम संपलं. तेव्हा कुठे मला वर्षभरात एकदाही न सुचलेला प्रश्न सुचला. मी सहज हसत विचारलं, बाई, त्या दिवशी तुमची उसण गेली का हो?  उत्तर नरसम्माने दिलं. "कुटली जाते, ताई. रोज कमरेला पट्टा बांधून जाते दवाखान्यात. रात्री मी शेक देते तेव्हा झोपते."

 सगळी गल्ली म्हणायची गेली, हलकं वाटतंय. एकीचीच गेली नव्हती, आणि तीच बाई वर्षभर त्याच कमरेने माझ्या सतरंजीवर वाकत होती. कमरेवर जाणारा तो हात मी रोज बघत होते. माझं लेकरू सरळ होत होतं आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला दुखतं का. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने मला धरून वर उचललं, आणि उचलताना तिच्या तोंडावर कळ आली ती मी बघितली.

आत्याबाई उठल्या. त्यांनी सतरंजी अंथरली, सरोजाला म्हणाल्या, "पालथी पड, बाई. तवा लेकराचीच मान वाकडी हुती, ती कुणाचं काय बरं करनार? आता सरळ हाय." सरोजा नको नको म्हणत हसत पालथी पडली. आत्याबाईंचं बोट धरून म्हाळसा आपल्या पायांनी चालत आली, आणि स्वतःचं पाऊल स्वतः उचलून तिच्या कमरेवर अलगद टेकवलं. तीनदा. मग मान उजवीकडे करून देवाकडे बघितलं आणि डावीकडे करून माझ्याकडे. आत्याबाईंनी विचारलं, गेली का? सरोजाने तोंड सतरंजीत तसंच ठेवून म्हटलं, "गेली." खरं म्हणाली की म्हाताऱ्या बाईचं मन राखलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. 

पुष्कळ वर्षं झाली. सरोजा बदली होऊन गेली, आत्याबाई गेल्या, गिरणी बंद पडली. मला एवढंच कळलं की देवाच्या पायाशी सगळं टाकायचं म्हणजे हात झाडून मोकळं व्हायचं नसतं. टाकायचं, आणि मग दहापर्यंत मोजत राहायचं, हात सैल न सोडता. तेव्हा मी कोणाचे आभार मानले नाहीत, ते आता मानते. दुखरी पाठ घेऊन जी माझ्याकडे मागायला आली आणि देऊन गेली, तिचे. आमचे देव अजून त्याच फळीवर आहेत, पश्चिमेकडे तोंड करून. सून विचारते, आत्या, ते तिकडच्या देवळीत का नाही ठेवत? मी सांगते, बाई, ते एका कामाला इकडे आले होते, मग इकडेच राहिले.